स्मरण आणि स्मरणरंजन

जी गोष्ट कधी घडलीच नाही, तिची आठवण माणसाला होऊ शकते काय? प्रश्न वरकरणी विचित्र वाटतो. आठवण व्हायची ती घडलेल्या गोष्टीचीच. तथापि इंग्लंडमधील एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीताने हा प्रश्न प्रत्यक्षात उभा केला. ते गीत ऐकून अनेकांची अशी समजूत झाली, की हे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोकांच्या ओठी असलेले गाणे आहे. त्याची चाल, वाद्यमेळ, गायकाचा आवाज, सारे काही त्या काळचे वाटे. वस्तुतः ते गीत युद्ध संपून २३ वर्षे झाल्यानंतर, १९६८ साली, नव्यानेच रचले गेले होते.

करमणुकीच्या कार्यक्रमातील एका गाण्याला एवढे महत्त्व कशाला द्यावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की देवळातल्या प्रवचनापेक्षा अशा गाण्यांतूनच पुष्कळदा माणसे आपला भूतकाळ शिकतात. आणि भूतकाळ कसा आठवावा, हा प्रश्न एकट्या इतिहासकारांवर सोपवून चालणार नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

त्या मालिकेचे नाव 'डॅड्स आर्मी', म्हणजे बाबांची पलटण. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या जोडीने ती लिहिली. बीबीसीने ३१ जुलै १९६८ पासून नोव्हेंबर १९७७ पर्यंत तिचे ८० भाग दाखवले आणि पुढेही ती पुनःपुन्हा दाखवली गेली. विषय होता 'होम गार्ड' या गृहरक्षक दलाचा. मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि इंग्लंडवर स्वारी होण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी १४ मे रोजी नभोवाणीवरून आवाहन केले, की जे पुरुष सैन्यात नाहीत त्यांनी आपापल्या गावाच्या रक्षणासाठी पुढे यावे. जुलै संपेपर्यंत सुमारे १५ लाख लोकांनी नावे नोंदवली. आरंभी त्यांच्यापाशी पुरेशा बंदुकाही नव्हत्या. मालिकेतील वॉल्मिंग्टन-ऑन-सी हे समुद्रकाठचे गाव कल्पित आहे. तेथील बँकेचा व्यवस्थापक, खाटीक, शवपेट्या करून देणारा, कोवळा पोरगा ही माणसे मात्र कोणत्याही गावात भेटावीत अशी आहेत. पेरी स्वतः किशोरवयात या दलात होते.

शीर्षकगीताची कल्पनाही पेरी यांचीच. शब्द त्यांनी लिहिले आणि चाल डेरेक टॅव्हर्नर यांच्या साहाय्याने बांधली. आशय साधा आहे. सकाळच्या गाडीने शहरात कामाला जाणारा आणि संध्याकाळी परतल्यावर बंदूक घेऊन पहाऱ्याला सज्ज होणारा एक सामान्य गृहस्थ त्यात आहे, आणि हिटलरला अदबीने 'मिस्टर' म्हणत त्याची खिल्ली उडवलेली आहे. या गीतासाठी पेरी यांना आवाज हवा होता तो युद्धकाळातलाच. म्हणून ते बड फ्लॅनगन यांच्याकडे गेले. फ्लॅनगन आणि चेस्नी ॲलन या जोडीने महायुद्धाच्या दिवसांत आपल्या गाण्यांनी व विनोदांनी इंग्लंडला धीर दिला होता. पेरी लहानपणापासून त्यांचे चाहते. १०० गिनींच्या मोबदल्यात फ्लॅनगन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये ते गीत गायले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते निवर्तले. भागाच्या शेवटी तीच चाल कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीच्या बँडवर संचलनाच्या ठेक्यात वाजे. अखेरीस ऐकू येई तो भोंग्याचा एकसारखा लांबलेला सूर, विमानहल्ल्याचा धोका टळल्याची वर्दी देणारा. १९७१ साली पेरी यांना या शीर्षकसंगीतासाठी आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला.

मग या गीताला फसवणूक म्हणावे काय? नवे नाणे मळवून जुने म्हणून बाजारात खपवावे, तसा हा प्रकार आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. सत्य आणि घडलेली घटना या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे प्रभू येशूच्या दाखल्यांवर वाढलेल्या आपल्याला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. यरीहोच्या वाटेवर जखमी प्रवाशाला उचलून नेणाऱ्या शोमरोनी माणसाचे नाव कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. म्हणून तो दाखला खोटा ठरत नाही. ज्या दलाविषयी पेरी यांनी हे गीत लिहिले, त्या दलाची भीती, हिंमत आणि थट्टा त्यांनी स्वतः अनुभवली होती. रचलेले गीतही खऱ्या अनुभवाशी इमान राखू शकते. अडचण दुसरीकडेच आहे.

ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ या. गतकाळाच्या या ओढीला मराठीत 'स्मरणरंजन' असा मार्मिक शब्द आहे. स्मरण आहे, पण रंजनासाठी. युरोपीय भाषांत तिला 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. हा शब्द १६८८ साली बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी घडवला. ग्रीक भाषेत 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना घराच्या ओढीने जडणाऱ्या रोगाचे ते नाव होते. म्हणजे शब्द जन्मला तो दुखण्याचे नाव म्हणून. त्यातले रंजन मागाहून आले. पुढे रूसो या तत्त्वचिंतकाने १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशात स्विस गुराख्यांच्या एका चालीविषयी लिहिले. ती कानी पडताच परदेशी चाकरीतले स्विस शिपाई रडू लागत, पलटण सोडून पळून जात, म्हणून पलटणीत ती वाजवण्यास बंदी होती, असे तो सांगतो. त्याच्या मते ही किमया त्या चालीच्या अंगच्या गुणांची नव्हे. ती चाल तेथे संगीत म्हणून काम करीत नाही, आठवणीची खूण म्हणून करते. बरोबर २०० वर्षांनी 'डॅड्स आर्मी'चे गीत आले आणि त्यानेही तेच केले.

संत ऑगस्टिन यांनी हे कितीतरी आधी ताडले होते. 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात ते स्मृतीला विस्तीर्ण महालाची उपमा देतात. त्याच भागात दोन निरीक्षणे आहेत. एक असे, की सरलेले दुःख माणूस आनंदाने आठवू शकतो. दुसरे असे, की देवळातले गायन ऐकताना आपले मन अर्थाऐवजी सुरांच्या गोडीतच गुंतते की काय, अशी त्यांना धास्ती वाटते. तरीही दुर्बळ मनाला भक्तीकडे नेणारे साधन म्हणून ते गायनाचा त्याग करीत नाहीत. ही दोन्ही निरीक्षणे शेजारी शेजारी ठेवली की आपला प्रश्न स्पष्ट होतो. दुःख आनंदाने आठवता येणे ही देवाची कृपा आहे. ती नसती तर एकदा रडलेला माणूस पुन्हा कधी हसला नसता. पण सुराच्या गोडीत ते दुःखच विरघळून गेले तर? मग जे उरते त्याला स्मरण म्हणावे काय?

पवित्र शास्त्रात याचे ढळढळीत उदाहरण आहे. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएली लोक रानात मान्ना खाऊन कंटाळतात आणि त्यांना मिसर देशाची आठवण येते. काय आठवते? मासळी, काकड्या, कलिंगडे, कांदे, लसूण. मासळी तर तेथे फुकट मिळत असे, असेही ते सांगून टाकतात. विटा पाडताना पाठीवर बसलेले कोरडे, नदीत टाकलेली तान्ही मुले, यांचा त्या आठवणीत मागमूसही नाही. ते खोटे बोलले असे म्हणता येत नाही, कारण मिसरात कांदे खरोखरच होते. खोटेपणा होता तो वगळण्यात. गुलामीची किंमत मोजून मिळालेल्या अन्नाला ते फुकट म्हणाले.

'डॅड्स आर्मी'च्या शीर्षकदृश्यांच्या बाबतीतही वगळण्याची अशीच एक गोष्ट घडली. मुळात बेत असा होता, की त्या वेळी महायुद्धातील खरी चित्रफीत दाखवावी. घरदार सोडून निघालेले निर्वासित आणि नाझी सैनिक तीत दिसणार होते. कोणत्या संकटापुढे ही वेडीवाकडी पलटण उभी होती, हे प्रेक्षकांना कळावे असा हेतू. बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमांचे प्रमुख मायकेल मिल्स यांचा त्याला पाठिंबा होता. परंतु वाहिनीचे नियंत्रक पॉल फॉक्स यांना ते औचित्याला सोडून वाटले आणि त्यांनी ती दृश्ये काढावयास लावली. आरंभीच्या गीताबरोबर पडद्यावर दिसतो तो युरोपचा नकाशा, आणि त्यावर पुढे-मागे सरकणारे दोन्ही बाजूंचे चिमुकले बाण.

आम्ही फॉक्स यांना दोष देत नाही. खऱ्या निर्वासितांच्या रांगेवरून नजर काढून लगेच हास्यात शिरावे, यात खरोखरच काही अभद्र आहे. कोणाच्याही दुःखाचा विनोदासाठी उंबरठा करू नये. पण परिणाम काय झाला, तेही पाहिले पाहिजे. गाणे राहिले, निर्वासित गेले. गृहरक्षक दलातील १,२०० हून अधिक माणसे कामावर असताना मरण पावली. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळातील बॉम्बहल्ल्यांत ब्रिटनमधील ४०,००० हून अधिक नागरिक बळी पडले. हे सारे त्या गीताच्या खुशालचेंडू ठेक्यात मावत नाही. दुःख दाखवावे तर त्याची थट्टा होते, न दाखवावे तर त्याचा विसर पडतो, असा हा पेच आहे. जो कोणी आपल्या मुलाबाळांना मागच्या दिवसांची गोष्ट सांगतो, त्या प्रत्येकाला तो सोडवावा लागतो.

मग यातून वाट कोणती? आमच्या मते ती त्या गीताच्या आणि मालिकेच्या पोटातच दडलेली आहे. पडद्यावरून दुःख गेले, पण गाणाऱ्याच्या आवाजात आणि नटांच्या देहांत ते राहिले. बड फ्लॅनगन यांचे मूळ नाव रूबेन वाइनट्रॉप. १८९६ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, पोलंडहून आलेल्या यहुदी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. पोलंडमधील सुमारे ३० लाख यहुदी हिटलरच्या राजवटीने मारले. ते आईबाप पोलंडमध्येच राहिले असते, तर या मुलाच्या वाट्याला काय आले असते, हे सांगावयास नको. हिटलरची थट्टा करणारे ते गीत असा माणूस गात होता. मालिकेत गॉडफ्री नावाचा एक मृदू, थकलेला म्हातारा आहे. ती भूमिका करणारे आर्नल्ड रिडली १९१६ साली सोमच्या रणांगणावर जबर जखमी झाले होते. जोन्स या खाटकाची धांदल रंगवणारे क्लाइव्ह डन १९४१ साली ग्रीसमध्ये पकडले गेले आणि पुढे चार वर्षे युद्धकैदी होते. हे कळल्यावर गाणे बदलत नाही. तीच चाल, तोच ठेका. ऐकणारा बदलतो. ज्यांना हसण्याचा हक्क होता ती माणसे येथे हसत आहेत, हे त्याला उमगते.

परंतु प्रत्येक स्मरणाला हे भाग्य लाभत नाही. त्याची साक्ष आपल्याच नाशिक जिल्ह्यात मिळते. जिमी पेरी पुढे तोफखान्यातून हिंदुस्थानात आले आणि देवळालीच्या छावणीत सैनिकांच्या मनोरंजन पथकात सामील झाले. देवळालीचे नाव इंग्रजांच्या बोलीत त्यापूर्वीच शिरले होते. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तेथे महिनोन् महिने पडून राहत, आणि कित्येकांचे डोके फिरे. म्हणून वेड लागण्याला देवळालीवरूनच 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला. होफरने वर्णिलेल्या घराच्या ओढीच्या रोगाचेच ते भावंड. देवळालीच्या आठवणींवर पेरी आणि क्रॉफ्ट यांनी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही दुसरी विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ या काळात ती चालली. तिचेही शीर्षकगीत जुन्या रंगमंचाच्या थाटाचे, टाळ्यांचा ठेका धरायला लावणारे. कथेचा आरंभ १९४५ सालच्या देवळालीत. चित्रण मात्र इंग्लंडमध्ये झाले. रंगी राम या हिंदी नोकराची भूमिका मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहरा सावळा रंगवून केली. बेट्स यांचा जन्म झाशीचा होता, एवढे नाते त्यांचे या भूमीशी होते.

असे असूनही त्या गीताच्या तालात देवळालीकरांचा स्वतःचा आवाज कोठे आहे? त्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे २५ लाख सैनिक होते. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात अन्नावाचून व रोगाने सुमारे ३० लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. मालिकेत नोकर आहे, पंखा ओढणारा आहे, आणि ते प्रेक्षकांना हसवतात. त्यांच्या घरी त्या वर्षी चुलीवर काय शिजत होते, हे मालिका विचारत नाही. पुढे खुद्द बीबीसीनेही ही मालिका पुन्हा दाखवण्याचे टाळले. आम्हांस येथे मिसरातले कांदे आठवतात. जे आठवले ते खोटे नव्हते, पण ज्यांनी पाणी भरले आणि पंखे ओढले, त्यांच्या बाजूने ते कोणी आठवले नाही.

आपण कॅथलिक भाविक दर रविवारी एका स्मरणासाठीच एकत्र येतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने आपल्या स्मरणार्थ हे करण्याची आज्ञा दिली. ख्रिस्तसभेच्या शिकवणीत या स्मरणाला 'अनाम्नेसिस' हा ग्रीक शब्द वापरतात. झालेली गोष्ट मनात घोळवण्यापेक्षा त्याचा अर्थ खोल आहे. ती तारणदायी घटना आपल्या सामर्थ्यासह आज, येथे, आपल्यासमोर उभी राहते. लक्षात घ्यावे, की हे स्मरण विजयाचे असूनही त्यात मोडलेले शरीर आणि सांडलेले रक्त आहे. पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर आला तो खिळ्यांच्या खुणा पुसून आला नाही. थोमाला त्याने त्या दाखवल्या. देवाला त्या जखमा बुजवता आल्या असत्या. तरी गौरवाच्या देहावर त्या राहिल्या, कारण ज्याला वधस्तंभावर खिळले तोच उठला आहे, याची ती साक्ष होती. ख्रिस्ती स्मरणाची कसोटी आम्हांस येथे सापडते. आनंद पूर्ण असावा, आणि त्यात जखमेची जागा शाबूत असावी.

ही कसोटी आपल्या धर्मग्रामाला आणि घराला लावून पाहावी. धर्मग्रामाचा शतकमहोत्सव आला की स्मरणिका निघते. देवळाची पायाभरणी, देणगीदारांची यादी, धर्मगुरूंची छायाचित्रे, जुन्या बँडपथकाच्या आठवणी, सारे तीत असते आणि असावे. पण पायाचे दगड डोक्यावरून वाहणाऱ्या बायकांची नावे तीत असतात काय? कोण सदैव मागच्या बाकावर बसे, कोणाच्या अंत्ययात्रेला चार माणसेही आली नाहीत, कोणते कुटुंब गाव सोडून गेले आणि का, हे कोणी लिहिते काय? घरातही तसेच. आमच्या वेळी एकत्र कुटुंबात केवढी माया होती, असे आजोबा सांगतात. माया होती हे खरे. सर्वांची पाने उठल्यावर चुलीपुढे उरलेसुरले खाणाऱ्या सुनेला विचारले, तर तीही कदाचित माया होती असेच म्हणेल. पण थोडे थांबून म्हणेल. तिच्या त्या थांबण्यालाही घराच्या गोष्टीत जागा असली पाहिजे. ज्या नातवाला केवळ गोड भूतकाळ सांगितला जातो, त्याला एक तर आजचा दिवस कायम उणा वाटतो, नाही तर एके दिवशी वगळलेली गोष्ट कळून त्याचा साऱ्याच आठवणींवरचा विश्वास उडतो.

दुसऱ्या टोकालाही आपण जाऊ नये. जेथे रात्रंदिवस जखमाच मोजल्या जातात, त्या घरात मुले अकालीच म्हातारी होतात. इस्राएलाने रानात मिसरातले कांदे आठवले हे वाईट. पण समुद्र ओलांडल्यावर मिर्यामेने डफ घेऊन गायिले, तेही शास्त्रानेच जपून ठेवले आहे. गाणे हवे आणि हसूही हवे. पेरी यांनी बॉम्बच्या दिवसांवर हसरे गीत रचले, यात त्यांचे काहीच चुकले नाही. त्या गीतालाच सगळा इतिहास मानले, तर चूक ऐकणाऱ्याची होईल.

युद्धाच्या रात्री धोका टळल्याचा भोंगा वाजला की माणसे तळघरांतून, आसऱ्यांतून वर येत. आपण वाचलो याचा आनंद तर असेच. पण शेजारचे घर उभे आहे की नाही, हेही पाहावे लागे. गतकाळाचे गाणे ऐकून झाल्यावर आपणही तेवढे करावे. आपल्या आठवणीतून कोण कोण वगळले गेले, ते पाहावे. जे हयात आहेत त्यांच्यापाशी बसून त्यांची बाजू ऐकून घ्यावी. जे नाहीत त्यांची नावे मिस्सेच्या वेळी प्रभूपुढे ठेवावीत. मग ते गाणे खुशाल पुन्हा गावे.